सातवं रीडिंग

९ जुलै
भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, मधली सुट्टी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. सकाळीच तिने माझ्या साडीच्या रंगावरून मला दोन शब्द सुनावले, म्हणजे तब्येतीची काळजी नको. हे निव्वळ कामाचं पत्र आहे.

आमच्या कॉलेजची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर चार बोटं खाली थांबते. काल गणिताचे सर त्या उंबऱ्याला अडखळले आणि त्यांच्या हातातल्या उत्तरपत्रिका जिन्यावरून थेट तळमजल्याला पोचल्या. जी ज्या पायरीवर सापडली तिला तेवढे गुण त्यांनी दिले, असं मुलं म्हणतात. दुरुस्तीवाले दोनदा येऊन बटणं पुसून गेले. घरात लिफ्टचा जाणकार असताना मी परक्यांच्या तोंडाला का लागू, म्हणून तुला विचारते. काय झालं असेल?

विचारायचं एवढंच होतं. पण कागद अर्धा कोरा आहे आणि सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत.

या वर्षी मी सकाळी आठला जादा तास घेते. पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्रात आपटलेली सहा मुलं आहेत, त्यांची पुन्हा परीक्षा ऑगस्टमध्ये. हे पुण्यकर्म मी आपणहून अंगावर घेतलेलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, तुम्हीच पाडलेत, आता तुम्हीच उचला." मुलं मला पाठीमागे लाल शाई म्हणतात हे तुला माहीत आहेच, तुझ्या वेळीही म्हणायची. सहाही जण पहिल्या दिवशी दाढ काढायला आल्यासारखे तोंड करून बसले होते. आठवड्याभरात मात्र चांगलीच सैलावली. एकाने परवा विचारलं, "मॅडम, तारेतून जाऊन जाऊन करंट दमतो का?" मी अर्धा तास उत्तर दिलं आणि शेवटी माझ्याच लक्षात आलं की इतकी वर्षं मलाही ते नीट कळलं नव्हतं. मुलं नापास झाली की चांगले प्रश्न विचारतात, कारण त्यांना घालवायला काही उरलेलं नसतं.

सहावी एक मुलगी आहे. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून मी तिचं नाव वकीलबाई ठेवलंय. तिचं घोडं साध्या लंबकाच्या प्रयोगापाशी अडलंय. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, दोऱ्याची लांबी बदलत जायचं आणि शेवटी लांबी आणि झोक्याच्या वेळेचा वर्ग यांचा आलेख काढायचा. रेषा सरळ यायला हवी आणि शून्यातून जायला हवी, कारण लांबीच नसेल तर झोका कसला. हिची रेषा सरळ येते, पण शून्यातून जात नाही. मी जर्नलवर लाल शाईने 'रिपीट' लिहिलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच.

हे सगळं तुला सांगायला नको. लिफ्टचं तेवढं कळव.

ताई
(अजून चालत असेल तर)


२० जुलै

प्रिय धाकट्या,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण लिफ्ट दुरुस्त झाली. म्हणजे उत्तर आलंच म्हणायचं.

रविवारी तुझा फोन मीच उचलला. तू नेहमीप्रमाणे म्हणालास, "आईला द्या." दिला. सोळा वर्षं मी हे 'द्या' ऐकते आहे. घरात शिरताना तू बाहेरूनच ओरडायचास, "ताई, दार उघड गं, हात भरलेत," आणि हातात एक वही असायची. त्याच माणसाने मला अहो-जाहो करायचं, याची मला अजून सवय झालेली नाही. असो.

मग आई फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. "तो विचारतोय, ती लिफ्ट वर जाताना खाली थांबते की खाली येताना?"

"खाली येताना," मी म्हटलं. "भरलेली असली की जास्त."

"येताना म्हणतेय. भरल्यावर." आईने फोनमध्ये सांगितलं, मग माझ्याकडे वळून, "लायनर झिजलंय म्हणे. ब्रेकचं. आता पुढचं मला विचारू नका, माझं दूध उतू चाललंय." दूध गॅसवर नव्हतंच. आपल्या दोघांमध्ये टपाल वाहून वाहून ती कंटाळली आहे.

लायनरच निघालं. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या भावाने." किती वर्षांनी हे शब्द चारचौघांत बोलले कोणास ठाऊक. दिवसभर बरं वाटत होतं.

आता वकीलबाईचं सांगते. शुक्रवारी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "बाकी पाच जणांच्या रेषा बघ. सुतासारख्या सरळ, बरोब्बर शून्यातून."

ती म्हणाली, "मॅडम, त्यांनी रीडिंग घेतलीच नाहीत. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला पाहिजे हे धरून उलटं गणित केलंय."

पाचही जण छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

मी म्हटलं, "ते मी बघते. तू लांबीत गोळ्याची त्रिज्या धरायला विसरली असशील."

"विसरले असते तर रेषा शून्याच्या खालून गेली असती," ती म्हणाली. "माझी वरून जाते."

मी खडू ठेवला आणि तास दहा मिनिटं आधीच सोडून दिला. मुलांना वाटलं, माझी तब्येत बिघडली.

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलंय. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. तेव्हा बोलणारा तू होतास.

आज इतकंच.

ताई


२४ जुलै

प्रिय धाकट्या,

बस. चहा घे. मग वाच.

काल पावणेआठला प्रयोगशाळा उघडायला गेले तर वकीलबाई दारात उभी. हातात शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी. आत जाऊन तिने लंबकाच्या टेबलाला बांधलेली लाकडी मीटरपट्टी उचलली. तुला ती आठवत असेल. टोकाला पितळेची टोपी आहे. टोपीचं टोक वर आधाराला टेकवायचं आणि खाली गोळ्यापाशी आकडा वाचायचा. तिने आपल्या पट्टीने ती टोपी मोजली.

"मॅडम, टोपी दोन सेंटिमीटरची आहे. आणि टोपी संपते तिथे आकडा आहे पाच."

मी चष्मा लावला. आकडा पाचच होता.

"मधले तीन कुठे गेले?" तिने विचारलं.

मधले तीन कुठे गेले ते फक्त मामांना माहीत होतं. आपले प्रयोगशाळेचे मामा अजून आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांना बोलावलं तर ते खूश झाले. "अहो, टोक फुटलं होतं की. पोरांच्या बोटांत कुसळं जायची. मी छान करवतीने कापलं आणि छत्रीच्या दांड्याची टोपी बसवली. बघा ना, इतकी वर्षं झाली, हलली पण नाही."

"मामा, कधी बसवलीत?"

"तुमचे धाकटे पहिल्या वर्षाला आले ना, त्या जूनमध्ये."

त्यांना रागावणार तरी काय? त्यांनी मुलांची बोटं वाचवली होती. चूक त्यांची नव्हतीच. सोळा वर्षांत त्या पट्टीने किमान हजार मुलांनी लांबी मोजली आणि प्रत्येक लांबी तीन सेंटिमीटर जास्त आली. तरी हजारांच्या रेषा शून्यातून गेल्या, कारण रेषा शून्यातूनच गेली पाहिजे असं मी पहिल्याच तासाला बजावून सांगत होते. मुलं बिचारी आज्ञाधारक. जे दिसलं ते लिहिणारे दोनच निघाले, आणि दोघांनाही मी लाल शाई दाखवली.

घरी येऊन कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तुझं जर्नल तिथे आहे. रद्दीत गेलं असं मी आईला सांगितलं होतं, ते खोटं होतं. तुझा आलेख आणि वकीलबाईचा आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. उजेडात दोन्ही रेषा एकच झाल्या. दोन्ही शून्याच्या वरून, तीन सेंटिमीटरवर. तुझी आठही रीडिंग किती नीट घेतली आहेत रे. सातवं तर काय सांगू, बिंदू रेषेवर असा बसलाय की भिंग लावूनही फट दिसेना. पानावर मी मारलेलं शून्यही होतं. चांगलं घसघशीत, दोनदा गिरवलेलं.

आज सकाळी मुलांना सगळं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी या टेबलावर एका मुलाचं बरोबर होतं आणि मी त्याला शून्य दिलं, तो माझा भाऊ होता, हेही सांगितलं. करंट दमतो का विचारणारा म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

मी म्हटलं, "पत्र चालू आहे."

तेव्हा हे पत्र. पट्टीने मला फसवलं. मला माफ कर.

ताई


२५ जुलै

धाकट्या,

कालचं पत्र टाकून आले आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. त्यात मी लबाडी केली. पट्टीने फसवलं असं लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहिते.

त्या दिवशी तू म्हणालास, "विसरलो असतो तर रेषा खालून गेली असती," तेव्हा तुझं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पट्टीचं माहीत नव्हतं, पण तुझी रेषा चुकीची असेल तर चूक तुझी नाही, हे कळलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं, आणि कळलंही. पट्टी उचलून नीट बघायला दोन मिनिटं लागली असती.

मी ती उचलली नाही. चाळीस मुलं बघत होती. आदल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कोणीतरी, मी ऐकावं अशा बेताने म्हणालं होतं, "सख्खी बहीणच शिकवायला, मग काय, भावाची चंगळ आहे." ते मला झोंबलं होतं. म्हणून मी तुला म्हटलं, "मला शिकवू नकोस, बस खाली," आणि शून्य दिलं. दुसऱ्या कोणाचा मुलगा असता तर मी पट्टी बघितली असती. तू माझा होतास, म्हणून तुझं ऐकलं नाही.

त्या शून्यामुळे प्रात्यक्षिकात तू नापास झालास, वर्ष गेलं, आणि तू घर सोडलंस. तुझ्या लग्नाची पत्रिका मला 'सौजन्यपूर्वक निमंत्रण' अशी आली, म्हणून मी रुसून आले नाही आणि मिक्सर पाठवला. तू पोच पाठवलीस, 'वस्तू मिळाली.' रागावण्याचा हक्क फक्त तुझा होता, आणि मी त्यातही वाटा मागत बसले.

मी चुकले. नकळत नव्हे, कळून चुकले. तुझी सोळा वर्षं माझ्याकडून परत होत नाहीत, आणि तू लिफ्टचा धंदा किती नावारूपाला आणलास ते आई सांगते, तेव्हा वर्ष गेलं ते बरंच झालं असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा मला अधिकार नाही.

सोबत तुझं जर्नल पाठवते. शून्य खोडलंय. खाली वीसपैकी वीस लिहून सही केली आहे, आजची तारीख घातली आहे आणि विभागाचा शिक्का मारलाय. शिक्का मारताना मामांनी विचारलं, "इतक्या जुन्या जर्नलवर?" मी म्हटलं, "उशीर झालाय खरा."

मला एकच हवंय. माझा भाऊ मला परत हवाय. रविवारी फोन मीच उचलणार आहे. "आईला दे" एवढं म्हणालास तरी माझं पोट भरेल.

ताई


११ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही रविवारी आला नाही. सोळा वर्षांत तुझा एक रविवार चुकला नव्हता, आणि मी पत्र लिहिल्यावर सलग दोन चुकले. आई माझ्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी बोलली, ती एवढंच, "काय लिहिलंस त्याला? मी इतकी वर्षं एक दोरा सांभाळून ठेवला होता, तो पण तोडलास." मी वर्गात शिकवताना दोनदा चुकले. मुलांनी दोन्ही वेळा दाखवून दिलं. आता ती कशालाच घाबरत नाहीत.

काल टपालाने पाकीट आलं. वरचं अक्षर तुझं. चाचपून कळलं की आत जर्नलच आहे, परत आलंय. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि दहा मिनिटं पाकीट उघडलंच नाही. शेवटी आई म्हणाली, "फोड, नाहीतर मी फोडते."

फोडलं. लंबकाचं पान काढलं. माझे वीसपैकी वीस तसेच होते. पण सातव्या रीडिंगभोवती लाल बॉलपेनने गोल केलेला होता, आणि समासात तुझ्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"ताई, हे रीडिंग मी घेतलंच नव्हतं. कँटीन बंद होत आलं होतं आणि मला भयंकर भूक लागली होती. रेषेवरून उलटं काढून लिहिलं. एक गुण काप. दोन रविवार विचार करत होतो, सांगू की नको."

मी इतकी हसले की आई घाबरली. तिला वाचून दाखवलं. तिला लंबक, त्रिज्या, रेषा यातलं काही कळत नाही, पण तुला भूक लागली होती हे कळलं, आणि ती डोळे पुसत म्हणाली, "डबा नेत नव्हता गं तेव्हा तो. सांगून सांगून थकले होते मी." मग मीही डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं म्हण, नाहीतर नको म्हणूस.

अरे लबाडा, तेच सातवं मी खिडकीशी धरून भिंगातून बघितलं होतं. त्याचंच मी तुला पानभर कौतुक लिहिलं. फट दिसेना म्हणे! फट कशी दिसणार, ते खरं नव्हतंच. पट्टी तीन सेंटिमीटर खोटी, मी पूर्ण खोटी, आणि ज्याला इतकी वर्षं मनातल्या मनात धुतल्या तांदळासारखा मानत आले तोही आठातला एक भाग खोटा. खरं सांगू? मला फार हलकं वाटलं. पूर्ण निर्दोष माणसासमोर कायम मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं. आठापैकी सात खरी असलेल्या भावाशी मला बोलता येईल.

वकीलबाई पास झाली. परीक्षेत तिने लंबकाला हात लावण्याआधी पट्टी दोन्ही टोकांकडून तपासली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. ती म्हणाली, "मॅडमच्या भावाने." तुला ती ओळखतही नाही. बाकीचे चौघे पास, आणि करंट दमतो का विचारणारा दोन गुणांनी राहिला. तो सोमवारपासून परत आठला येणार आहे. मीही येणार आहे. आम्हा दोघांनाही त्याचं वाईट वाटत नाहीये.

जुनी पट्टी मामांना टाकू दिली नाही. ती भिंतीवर टांगली आहे, खाली चिठ्ठी: 'तीन सेंटिमीटर कमी. वापरू नये.' मामांनी टोपीला पॉलिश करून दिलं.

आता तुझ्या जर्नलचं. नियम म्हणजे नियम. एक गुण कापलाय, वीसपैकी एकोणीस. आणि मनाने लिहिलेल्या रीडिंगवर मी जे लिहिते तेच तुझ्याही पानावर लाल शाईने लिहिलंय: रिपीट. हे घरी करून चालत नाही, ते तुला ठाऊक आहे. प्रयोगशाळेत यायचं, त्याच टेबलाशी, माझ्या डोळ्यांसमोर. पट्टीही तीच लागेल, कारण बाकीची सात तिनेच घेतली आहेत. तेवढ्यापुरती भिंतीवरून काढू.

शनिवारी दहाला प्रयोगशाळा उघडी असते. तुझ्या मुलीला आण, झोके मोजायला एक माणूस जास्तीचा लागतो, आणि तिला मी फक्त आईच्या फोनमधल्या फोटोत बघितलंय. लिफ्टने या, आता ती मजल्याशी बरोबर थांबते.

आणि एक सांगते, येताना पोटभर खाऊन ये. उपाशी असताना घेतलेल्या तुझ्या रीडिंगवर माझा विश्वास नाही.

तुझी,
ताई

ता. क. आई शेजारी उभं राहून वाचते आहे. ती म्हणते, अजिबात खाऊन यायचं नाही.